महाविद्यालयातल्या नियोजनाची केस स्टडी कशी लिहावी

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या स्वयं-अध्ययन अहवालात उत्तम उपक्रम लिहिण्याचा साचा ठरलेला आहे: उद्दिष्टे, संदर्भ, उपक्रम, यशाचे पुरावे, अडचणी. नियोजनाची केस स्टडी अनेकदा त्याच साच्यात ओतली जाते आणि तिथेच फसते. तो साचा मूल्यांकनासाठी आहे. केस स्टडी वाचणार दुसऱ्या महाविद्यालयातला समन्वयक. तुमच्यापुढे कोणते पर्याय होते, कोणता निवडला आणि बाकीचे का सोडले, हे त्याला हवे असते.

म्हणून विषय एका निर्णयापुरता घ्या. ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी’ हा विषय फार मोठा. ‘प्रथम वर्षाच्या ओपन इलेक्टिव्हचे वेळापत्रक’ पेलण्याजोगा. (ओपन इलेक्टिव्ह म्हणजे विद्यार्थ्याने आपल्या शाखेबाहेरून पसंतीने निवडायचा विषय.) पेच पहिल्याच पानावर आकड्यांत मांडा. थिअरीचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे १५ तास. दोन श्रेयांकांच्या विषयाला सत्रात ३० तास, म्हणजे १५ आठवडे दर आठवड्याला दोन. विद्यार्थी ६०० आणि तुकडी ६० ची असेल, तर १० तुकड्या. कला, वाणिज्य, विज्ञान एकाच वेळी बसवायचे तर १० वर्गखोल्या एकदम मोकळ्या हव्यात. सहाच असतील, तर निर्णय इथून सुरू होतो.

लिहायला बसण्याआधी महाविद्यालय विकास समिती व आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) यांची इतिवृत्ते, परिपत्रके, प्रवेशाचे आकडे आणि वेळापत्रकाचे सगळे मसुदे गोळा करा. मसुदे सर्वांत मोलाचे, कारण अंतिम वेळापत्रकात नाकारलेला पर्याय दिसत नाही. काम चालू असतानाच प्रत्येक मसुदा तारखेसह वेगळा जतन करायला सांगा. जुन्या फाइलवरच बदल केले की तो पुरावा गेला.

इतिवृत्तात ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ एवढेच असते, मतभेद तिथे सापडत नाहीत. त्यासाठी सहा ते आठ जणांशी अर्धा-अर्धा तास बोला. फक्त प्राचार्य आणि विभागप्रमुख नकोत: प्रवेशाचे काम पाहणारे लिपिक, प्रयोगशाळा परिचर, दोन विद्यार्थी आणि तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापक घ्याच. हे प्राध्यापक दोन महाविद्यालयांत शिकवत असतील, तर कागदावर जमलेली वेळ त्यांच्यापाशी येऊन मोडते. नावे वगळली तरी ‘भूगोल विभागप्रमुख’ म्हटल्यावर माणूस ओळखू येतो. मजकूर त्यांना दाखवून लेखी संमती घ्या.

मग तीन रकान्यांचा तक्ता करा: तारीख, काय ठरले, काय घडले. दुसरा आणि तिसरा रकाना जिथे जुळत नाहीत, तिथेच खरी केस आहे. प्रवेश लांबले, पसंतीचे आकडे हाती नव्हते, म्हणून मागच्या वर्षीच्या आकड्यांवर तुकड्या पाडल्या, असे असेल तर तसेच लिहा. एकूण १५०० ते १८०० शब्द पुरतात. निम्मे या विसंगतींना द्या, संस्थेचा इतिहास दोन ओळींत आटपा.

‘विद्यार्थी समाधानी आहेत’ हा पुरावा नव्हे. पहिली पसंती किती जणांना मिळाली, विषयबदलाचे अर्ज किती आले, दुसऱ्या आणि दहाव्या आठवड्यात हजेरी किती होती, हे द्या. टक्केवारीसोबत मूळ संख्याही हवी: ६०० पैकी ९० जणांनीच अभिप्राय भरला असेल, तर ‘८० टक्के’ म्हणजे ७२ विद्यार्थी.

परिशिष्टात पसंती-अर्जाचा कोरा नमुना जोडा. शेवटी तुमचा निर्णय झाकून बाकीचा मजकूर बाहेरच्या एखाद्या समन्वयकाला वाचायला द्या आणि त्यांनी काय ठरवले असते ते विचारा. त्यांना ठरवता आले नाही, तर कोणती माहिती कमी पडली ते विचारून घ्या आणि ती पहिल्या पानावर आणा.