ड्रॅगनचा खजिना हाती लागला, आता खर्चायचा कसा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, एकेक पात्र (कॅरेक्टर) वठवत रंगवायचा साहसांचा खेळ. तो खेळणाऱ्या एखाद्या टेबलावर सातव्या-आठव्या लेव्हलची कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या नोंदींचा कागद, उघडून पाहा. सोन्याच्या नाण्यांसमोर तीन-चार हजारांचा आकडा दिसेल आणि तो कित्येक सेशन्समध्ये हललेला नसेल. पहिल्या लेव्हलला दोन नाण्यांच्या पाठपिशवीसाठी दुकानदाराशी हुज्जत घालणारा हाच खेळाडू आता खजिन्याची पेटी उघडली की "लिहून ठेवतो" एवढंच म्हणतो आणि पुढच्या दाराकडे वळतो.

यात त्याचा फारसा दोष नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला, तेव्हा भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्याचेही एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मिळायचे. सोनं म्हणजेच प्रगती होती. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सोन्याला एक्सपी नाहीत, त्यामुळे ते घेऊन करायचं काय हे खेळाडूला स्वतःच ठरवावं लागतं. खालचे भाव याच आवृत्तीच्या पुस्तकांतले आहेत. नुसता आकडा आला तर तो सोन्याच्या नाण्यांचा समजा.

१. आधी मोजा, मग उचला

पाच ते दहा चॅलेंज रेटिंगच्या (शत्रू किती भारी ते सांगणारा आकडा) शत्रूंच्या मोठ्या खजिन्याचं कोष्टक घेऊ. फाशांची सरासरी धरली तर त्यात ७०० तांब्याची, ७००० चांदीची, २१०० सोन्याची आणि १०५ प्लॅटिनमची नाणी निघतात. दहा चांदीचं एक सोनं आणि दहा सोन्याचं एक प्लॅटिनम, या हिशेबाने एकूण किंमत ३८५७ होते. पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे हा ढीग १९८ पौंडांचा, जवळजवळ नव्वद किलोंचा! त्यातले १४० पौंड एकट्या चांदीचे आणि तिची किंमत मात्र फक्त ७००.

त्यामुळे आधी प्लॅटिनम आणि रत्नं उचला, मग सोनं. चांदीसाठी आठ नाण्यांचं एक खेचर बाहेर उभं करून ठेवा. रत्नं आणि दागिने पूर्ण भावाने खपतात. चांगल्या अवस्थेतली शस्त्रं निम्म्या भावात जातात आणि गॉब्लिनांच्या गंजक्या तलवारींना बहुधा कुणी विचारत नाही. त्या गोळा करण्यात अर्धं सेशन घालवणारा एक तरी जण प्रत्येक पार्टीत, म्हणजे कॅरेक्टर्सच्या टोळीत, असतोच. त्याला प्रेमाने आवरा.

२. चौघांत पाच वाटण्या करा

पाचवी वाटणी सामाईक. सहलीला निघताना सगळ्यांचे पैसे एकाकडे जमा करतो, तसा एक खजिनदार नेमा. वही त्याच्याकडेच राहू द्या. रोगला (चोरट्या कॅरेक्टरला) खजिनदार करायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या टेबलाचा प्रश्न.

वरच्या खजिन्यात प्रत्येक वाटणी ७७१ ची होते. सामाईक ७७१ मधून ३०० चे दोन हिरे घ्या. उरलेल्या १७१ मध्ये ५० ची तीन हीलिंग पोशन्स (जखमा भरणारी औषधं) येतात आणि २१ शिल्लक राहतात. सामाईक पैशातली ही पहिली खरेदी असावी, यात मी तडजोड करणार नाही. क्लेरिकला (पुरोहित कॅरेक्टरला) पाचव्या लेव्हलला रिव्हिव्हिफाय मिळतं. मेलेल्याला एका मिनिटाच्या आत उठवणारा हा मंत्र आहे आणि त्यात ३०० चा हिरा खर्ची पडतो. तो हिरा त्या क्षणी हाताशीच हवा. शिवाय आडगावच्या किराणा दुकानात हिरे मिळत नाहीत, म्हणून मोठ्या शहरात असतानाच घ्या आणि डीएमला (डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) शीटवर नोंद दाखवा. "माझ्याकडे असेलच की" हे प्रेत समोर पडल्यावर चालत नाही.

पोशन मात्र प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगावं. त्यातून सरासरी सातच हिट पॉइंट (अंगात किती जीव उरला ते मोजणारे गुण) मिळतात, पण जमिनीवर पडलेला क्लेरिक तेवढ्यानेही उठून बसतो. ते कुठल्या खिशात आहे, हे बाकीच्यांना माहीत असू द्या.

३. पुढे उभा राहणाऱ्याला उसने द्या

फायटरच्या (लढवय्या कॅरेक्टरच्या) अंगावर सुरुवातीला बहुधा ७५ ची चेन मेल (कड्यांचं चिलखत) असते, एसी १६. एसी म्हणजे आर्मर क्लास; तो जितका जास्त, तितके शत्रूचे वार चुकतात. प्लेट आर्मरला १५०० पडतात आणि एसी १८ होतो. वीस बाजूंच्या फाशावर दोनचा फरक म्हणजे शत्रूचे शंभरातले साधारण दहा वार जास्त चुकणार. एकट्याच्या ७७१ मध्ये हे बसत नाही, म्हणून खेळाडू वाट बघत राहतात आणि तोवर फायटर दोनदा मरतो. दोघांनी आपल्या वाट्यातून उसने द्यावेत, वहीत लिहावेत आणि पुढच्या खजिन्यातून वळते करून घ्यावेत. फक्त फायटरची स्ट्रेंग्थ (ताकद) निदान १५ आहे ना, एवढं पाहा. नाहीतर चिलखताच्या ओझ्याने त्याची चालच मंदावते. लपूनछपून जायची वेळ आली की प्लेटचा आवाज होणार, हेही गृहीत धरा.

विझार्डचा (जादूगार कॅरेक्टरचा) खर्च वेगळा. सापडलेला मंत्र आपल्या पोथीत उतरवायला प्रत्येक पातळीमागे ५० नाणी आणि दोन तास लागतात. म्हणजे फायरबॉल या तिसऱ्या पातळीच्या मंत्राला १५० आणि सहा तास. विझार्डचे पैसे इथे लागले, तर पार्टीने कुरकुर करू नये.

४. जादूच्या वस्तूंबद्दल डीएमशी आधी बोला

या आवृत्तीत जादूच्या वस्तूंचं राजरोस दुकान गृहीत धरलेलं नाही. डंजन मास्टर्स गाइडमध्ये 'अनकॉमन' वस्तूंना १०१ ते ५००, 'रेअर'ना ५०१ ते ५००० असे ऐसपैस पट्टे आहेत. नेमका भाव डीएमच्या हातात असतो. तेव्हा सेशन सुरू व्हायच्या आधीच विचारून घ्या: आपल्या जगात अशा वस्तू विकत मिळतात का, कुठे, आणि विकणारा शोधायला किती दिवस लागतील? डीएमने "नाही" म्हटलं तर हट्ट धरू नका, पण "मग आम्ही कारागीर शोधतो" म्हणा. चांगल्या डीएमला पुढच्या तीन सेशन्सचं कथानक त्यातच सापडतं.

५. आता थोडं उधळा

जीव वाचवायची सोय झाली की उरलेल्या पैशातून तुमचं कॅरेक्टर माणूस वाटायला लागतं. साधं राहणीमान दिवसाला १, बऱ्यापैकी २, श्रीमंती ४, आणि सरदारी थाट कमीत कमी १०. महिनाभर सरदारासारखं राहायचं तर ३०० जातात, म्हणजे बरोबर एक हिरा. तरीही दरबारात शिरकाव हवा असेल तर तो महिना काढाच. यजमानाचा नोकर आधी तुमचे जोडे बघतो. ओळखी करून घ्यायच्या असतील तर २०१७ च्या झनाथार्स गाइडमधला कॅरौझिंगचा नियम वापरा: आठवडाभर मौजमजा, गुत्त्यावर १०, मध्यमवर्गीयांत ५०, उच्चभ्रूंत २५०. त्यातून मित्र जोडले जातात, कधी शत्रूही. असतील शिते तर जमतील भुते, तेव्हा आपण कोणासाठी खर्च करतोय हे डीएमला नीट सांगा. "मी दारू पितो" एवढ्याने काही होत नाही. "बंदरावरच्या हमालांना आठवडाभर पाजतो, ते जहाजांच्या खबरी देतील" असं म्हणा.

मोठी रक्कम साठली की सगळ्यांना गढी बांधावीशी वाटते. छोट्या किल्ल्याला ५०,००० नाणी आणि ४०० दिवस लागतात. बांधकामावर तुम्ही हजर नसाल तर गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसामागे आणखी तीन दिवस वाढतात. वर देखभाल दिवसाला १००, वर्षाला ३६,५००. हा पांढरा हत्ती पोसण्यापेक्षा पार्टीने ५००० मध्ये, ६० दिवसांत उभं राहणारं व्यापारी ठाणं घ्यावं, असं माझं मत. व्यापारी येत राहतात, बातम्या येत राहतात आणि डीएमला ते जाळण्याचीही सोय असते. २०२४ च्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलपासून 'बॅस्टियन' म्हणून स्वतःचं ठिकाण मिळतं आणि सुरुवातीच्या खोल्यांना पैसे पडत नाहीत. ती आवृत्ती खेळत असाल तर हा खर्च वाचला.

६. मृत्युपत्र लिहा

हे बहुतेक टेबलं विसरतात. कॅरेक्टर मेलं, हिरा संपलेला, उठवायला कोणी नाही, तर त्याच्या ७७१ चं काय? आधी ठरलेलं नसेल तर अंत्यसंस्काराच्या आधीच प्लेट आर्मर कोणाला यावरून जुंपते. मेलेल्याच्या खेळाडूने नवं कॅरेक्टर आणून "हा त्याचा चुलतभाऊ, सगळं याला मिळतं" म्हणायचं की नाही, हे पहिल्याच सेशनला बोलून घ्या. मला चालणारा तोडगा असा: चिलखत आणि जादूच्या वस्तू पार्टीकडे, नाण्यांतून आधी उसने फेडायचे, उरलेले कॅरेक्टरने लिहून ठेवलेल्या माणसाला. शीटच्या मागच्या बाजूला त्या माणसाचं नाव आणि गाव लिहा. म्हातारी आई असो, गुरू असो, की ज्याचे पैसे बुडवून पळ काढला तो खानावळवाला. ते पैसे पोहोचवायला पार्टीला तिथवर जावं लागेल.