जुन्या कुकी प्रेसवर स्प्रिट्झ कुकी

स्प्रिट्झ म्हणजे प्रेसमधून दाबून ट्रेवर पाडायची लोण्याची नक्षीदार कुकी. अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या दुकानांत मिरो कंपनीचा ॲल्युमिनियमचा कुकी प्रेस अजून सापडतो. ही कंपनी मूळची विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉकची. नळा, दट्ट्या, आट्यांची दांडी आणि बदलायच्या चकत्या पाहून सोऱ्याच आठवेल. पण चकली सलग पडत राहते, तर कुकी ट्रेला चिकटून तिथेच तुटायला हवी. पुढची सगळी काळजी त्या चिकटण्यासाठी आहे.

आधी सगळे भाग सुटे करून कोमट साबणपाण्यात ब्रशने घासा. जुनं तूप आट्यांतच साचतं आणि दांडी अडते. डिशवॉशर नको, त्याच्या क्षारयुक्त साबणाने ॲल्युमिनियम काळं पडतं. आधीच काळा पडला असेल तर भाग लिंबाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. आतून खड्डे पडलेला प्रेस मात्र खाण्याच्या कामाला घेऊ नका.

२२५ ग्रॅम लोणी बोटाने सहज दबेल इतकंच मऊ होऊ द्या. वितळू देऊ नका. १३० ग्रॅम बारीक साखर घालून ते हलकं होईपर्यंत फेटा. मग १ अंडं आणि १ चमचा व्हॅनिला, शेवटी चाळलेला २८० ग्रॅम मैदा. बिनमिठाचं लोणी असेल तर पाव चमचा मीठ. बेकिंग पावडर अजिबात नको, कुकी फुगली की चकतीची नक्षी पुसली जाते. काजूचे तुकडेही नकोत, एक तुकडा अडकला की अख्खी चकती काढावी लागते.

हे पीठ फ्रीजमध्ये ठेवायची सवय इथे मोडा. गार पीठ दांडीला दाद देत नाही आणि जोर लावला तर आटे झिजतात. उन्हाळ्यात पीठ तेलकट, ढिलं झालं तरच दहा मिनिटं गार करा. उलट घट्ट वाटलं तर चमचाभर दूध.

दट्ट्या पूर्ण वर ओढा, पिठाची नळ्याहून किंचित बारीक वळकटी करून आत सरकवा. मध्ये पोकळी राहिली तर अर्धवट फुलं पडतात.

ट्रे गार आणि कोरडा हवा. तूप नाही, बेकिंग पेपरही नाही! दोन्हींवर पीठ धरत नाही, प्रेसबरोबर वर येतं. गरम ट्रेवरही तेच, कारण टेकताच लोणी वितळतं. म्हणून दोन ट्रे आलटूनपालटून वापरा. प्रेस उभा, ट्रेला टेकवून धरा, मूठ अर्धा फेरा फिरवा, क्षणभर थांबा, किंचित उलट फिरवून सरळ वर उचला. पहिल्या दोन-तीन वाकड्या येतात. ते पीठ परत नळ्यात घाला.

१९० अंश सेल्सियसला ८ ते १० मिनिटं. कडा सोनेरी व्हायला लागल्या की काढा, वरचा भाग फिकटच राहायला हवा. दोन मिनिटांनी उलथन्याने सोडवा. सुमारे पाच डझन होतात.