दुरुस्त केलेल्या भाड्याच्या घराचं व्हॅल्युएशन कमी आलं तर

बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळकडच्या जुन्या घरांवर कर्ज मागताना बँकेने घराची किंमत कमी धरणं नेहमीचं. बँकेत वाद घालण्याआधी व्हॅल्युअरच्या, म्हणजे बँकेसाठी किंमत ठरवणाऱ्याच्या, रिपोर्टची प्रत मागा आणि त्यात आधी दोन गोष्टी पाहा: बांधकामाचं वय आणि क्षेत्रफळ.

वय बहुतेक वेळा घरपट्टीच्या जुन्या नोंदीवरून उचललेलं असतं. आरसीसीचं आयुष्य साधारण 60 वर्षं आणि शेवटी 10 टक्के किंमत उरते, असं धरून घसारा, म्हणजे वयामुळे होणारी किमतीतली घट, काढतात. समजा बांधकाम 1,200 चौरस फूट, दर 1,500 रुपये, म्हणजे 18 लाख. वय 32 वर्षं लावलं की 48 टक्के घसारा जाऊन 9.36 लाख उरतात. पण वरचा 600 फुटांचा मजला दोन वर्षांपूर्वी नव्याने चढवला असेल, तर त्याला घसारा 3 टक्केच. मग वरचे 8.73 आणि खालचे 4.68 मिळून 13.41 लाख होतात. जागेची किंमत वेगळी.

यासाठी कागद लागतात: बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, वाढीव बांधकामाची घरपट्टी, इंजिनिअरचा दाखला, जीएसटीची बिलं, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो. परवानगीच नसलेला मजला व्हॅल्युअर सहसा धरत नाहीत. घरपट्टी भरली म्हणून तो अधिकृत होत नाही. खरेदीखत जुनं मराठीतलं आणि उतारा कन्नडमध्ये असेल, तर नावाचं स्पेलिंग, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर आणि चतुःसीमा जुळवून घ्या. इथे अडलं की बाकी सगळं थांबतं.

टाइल्स, पीओपी, मॉड्युलर किचन यांनी भाडं वाढतं, व्हॅल्युएशन फारसं नाही. स्लॅब, वायरिंग, पाइपलाइन बदलली असेल तर ते लेखी दाखवा. मात्र मंगळुरी कौलं काढून दगड-मातीच्या भिंतींवरच स्लॅब टाकला असेल, तर वय भिंतींचंच धरलं जाईल, आणि ते योग्यच आहे.

भाडेकराराबरोबर भाडं खात्यात जमा झाल्याच्या नोंदीही जोडा. रोखीचं भाडं कुणी मोजत नाही. शेजारच्या व्यवहारांची खरेदीखतं देताना जपून. त्यांत किंमत मुद्दाम कमी लिहिलेली असली, तर तुमचाच आकडा खाली येतो.

अर्ज शाखेकडे लेखी द्या, चूक कुठल्या पानावर आहे ते लिहा आणि पुन्हा पाहणी किंवा बँकेच्या पॅनेलवरचा (यादीतला) दुसरा व्हॅल्युअर मागा. व्हॅल्युअरला परस्पर फोन करू नका. दुसऱ्या बँकेत जायचं ठरवलं, तर फी भरण्याआधी तिथेही तोच व्हॅल्युअर येणार नाही ना, हे विचारून घ्या.