तबेल्याभोवतीचं तण: आधी घोडा हलवा, मग खुरपं धरा

उभं गाजरगवत घोडा सहसा तोंडात घेत नाही, कडू लागतं. धोका सुरू होतो तो आपण विळा चालवल्यावर. कापून कोमेजलेलं तण चाऱ्यात मिसळलं की घोडा ते वेगळं काढत नाही. 2,4-डी हे तणनाशक फवारलेली काही झाडं तर मरता मरता गोडसर होतात, एरवी टाळलेलं तणही मग खाल्लं जातं. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. म्हणून आधी घोडे दुसऱ्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत न्या, मग कामाला लागा, आणि उपटलेलं सगळं त्याच दिवशी उचला. बांधावर ढीग ठेवायचा नाही.

गाजरगवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं आणि एका झाडाला हजारो बिया धरतात. पहिली उपटणी पाऊस सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, जमीन ओली असताना करा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकावर फडकं हवंच, कारण या गवताने अंगाला खाज सुटते आणि दमही लागतो. वरून छाटलेलं झाड बुडातून पुन्हा फुटतं, तेव्हा मुळासकट काढा. बी एकदम उगवत नाही, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत दर तीन आठवड्यांनी एक फेरी मारावी लागते.

एरंड आणि कण्हेर दिसली की पहारीने खणून काढा. एरंडाच्या बियांचं विष घोड्याला फार थोड्या मात्रेत बाधतं. कण्हेरीची वाळलेली पानंही जीव घेतात, शोभेची असली तरी कुंपणाला नकोच. दोन्ही जाळू नका. कण्हेरीचा धूर वाईट, आणि शेजारी गवताची गंजी असते.

लिटरला 200 ग्रॅम मिठाचं पाणी गाजरगवतावर चालतं खरं, पण घोडा मीठ चाटायला येतो आणि जमीन नापीक होते. ते फाटकाबाहेरच्या रस्त्यापुरतं ठेवा. फरशीच्या सांध्यांना उकळतं पाणी पुरतं, आठवड्याने पुन्हा एकदा ओता. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांमार्फत व्हावा, असा आदेश केंद्राने 2022 मध्ये काढला. ते मारून घेतलंच तर लेबलवरची मुदत संपेपर्यंत आणि वाळलेलं तण गोळा होईपर्यंत तिथे घोडा सोडू नका.

गाजरगवत दाबायला टाकळा पेरा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तबेल्याजवळ तो ऐकू नका. टाकळ्याचा जातभाई कासविंदा घोड्यांना विषारी आहे आणि दोघांत गल्लत सहज होते. त्याऐवजी पावसाच्या सुरुवातीला मारवेल या चाऱ्याच्या गवताचे ठोंब 45 बाय 30 सेंटीमीटरवर लावा. गवत तीन इंचांवर आलं की घोडे हलवा, सहा-आठ इंच झालं की परत आणा. कुरण बोडकं झालं की पहिल्यांदा तणच येतं.

ताजी लीद कुरणात पसरू नका, तिच्यातून तणाचं बी जिवंत बाहेर पडतं. ते उष्णतेने मरावं म्हणून लिदीचा किमान तीन फूट उंच ढीग करा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब पडतील इतकाच ओला ठेवा आणि आतून गरम झाला की खालीवर करा, असं तीन-चार वेळा. ढीग तापलाच नाही तर तो बहुतेक कोरडा किंवा फार लहान असतो. फुलावर आलेलं तण यात टाकू नका. ते काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, पार कुजेपर्यंत उन्हात ठेवा.