फोरहँड टॉपस्पिन: कोपर कधी मिटायचं

टेबल टेनिसमधला टॉपस्पिन म्हणजे चेंडू पुढच्या दिशेने गरगरत जावा म्हणून तो घासून मारलेला फटका. साधा फोरहँड ड्राइव्ह (खेळत्या हाताच्या बाजूने, फारसं न घासता मारलेला सरळ फटका) सलग वीस-पंचवीस वेळा टेबलावर पडत असेल, तरच पुढचं वाचा. बॅटवरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर आधी ते बदला, कारण घसरणाऱ्या रबराने स्पिन, म्हणजे चेंडूला फिरकी देणं, शिकता येत नाही. इथे शेकहँड पकड (हस्तांदोलनासारखी धरलेली बॅट) आणि उजवा हात धरला आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटून घ्याव्यात.

उभं राहणं: पाय खांद्यांपेक्षा रुंद, उजवा पाय अर्धं पाऊल मागे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर.

पकड: सैल. बॅट हातातून निसटणार नाही इतपतच. चेंडूला लागण्याच्या क्षणी बोटं आपोआप आवळली जातात, तेवढं पुरतं. सुरुवातीपासून मूठ घट्ट असेल तर कोपराखालचा सगळा हात ताठ होतो, आणि ताठ हाताला वेग येत नाही.

मागे नेणं: हात मागे न्यायचा नाही, कंबर वळवायची. छाती उजवीकडे वळली की बॅट आपोआप उजव्या मांडीच्या बाजूला येते, वजन उजव्या पायावर जातं आणि कोपर साधारण १२० ते १४० अंशांपर्यंत उघडतं. बॅट पाठीमागे गेली असेल तर ती कमरेने नव्हे, खांद्याने नेलेली आहे. तिथून ती वेळेवर परत येत नाही, आणि जोरात आलेल्या ब्लॉकसमोर (समोरच्याने बॅट नुसती आड धरून परतवलेल्या चेंडूसमोर) तर कधीच नाही.

आता जिथे बहुतेक जण अडतात तो भाग. फटका पुढे निघतो तो या क्रमाने: उजवा पाय जमीन ढकलतो, कंबर फिरते, तिच्यामागून खांदा येतो, खांद्याबरोबर दंड, आणि सगळ्यात शेवटी कोपर मिटतं, म्हणजे हात कोपरात दुमडतो. शिकणाऱ्यांचा क्रम जवळपास नेहमी उलटा असतो. चेंडू टप्पा घेतो न घेतो तोच कोपर मिटायला लागतं. बॅट चेंडूपाशी पोचेपर्यंत मिटायला काही शिल्लक राहत नाही, म्हणून खांदा वर उचलून चेंडू ढकलला जातो. फटका दिसायला बरा दिसतो, शेवटी बॅट कपाळापाशीही येते, पण चेंडूवर स्पिन नसतो. समोरचा खेळाडू सहज ब्लॉक करतो, आणि आपण ताकद वाढवत बसतो. ताकद कमी पडलेली नसते, कोपर लवकर खर्च झालेलं असतं.

ओला कपडा झटकताना हात आधी निघतो, कपड्याचं टोक मागे राहतं आणि शेवटी फटकन येतं. इथे बॅट म्हणजे ते टोक. कंबर पुढे वळायला लागली तरी बॅट क्षणभर मागेच राहिली पाहिजे. ही ओढ दंडाच्या पुढच्या बाजूला जाणवते. ती जाणवत नसेल तर फटका एकट्या हाताने चालला आहे असं समजा. कोपर झपकन मिटायचं ते चेंडूला बॅट लागण्याच्या जरा आधी, आणि ते मिटत असतानाच चेंडू घासला गेला पाहिजे. म्हणजे चेंडू लागतो तेव्हा कोपर निम्मं मिटलेलं असतं, उरलेलं नंतर मिटतं. चेंडू घ्यायचा शरीराच्या पुढे, उजव्या कमरेच्या रेषेत किंवा जरा बाहेर. तो शरीराला चिकटला की कोपराला जागाच राहत नाही. अशा वेळी हात दुमडत बसू नका, पाय हलवा.

कोपर पुढे येतं, पण वर चढत नाही. फटका संपताना ते खांद्याच्या रेषेच्या खालीच हवं. कोपर आणि बरगड्यांमध्ये वीतभर मोकळी जागा ठेवा. काखेत टॉवेल दाबून सराव करायला सांगणारे भेटतील. ऐकू नका. त्याने कोपर वर जाणं थांबतं खरं, पण दंडही शरीराला बांधला जातो आणि खांदा पुढे येतच नाही. ‘शेवटी सलाम ठोक’ हा सल्लाही असाच घातक. सलाम हा झालेल्या फटक्याचा परिणाम आहे. त्याची नक्कल करणारा चेंडू विसरून बॅट कपाळापाशी पोचवायच्या मागे लागतो, आणि तिथे तर कसलाही वेग न लावता पोचता येतं.

तिसरा सल्ला म्हणजे ‘मनगट मार’. सुरुवातीला तरी मनगट विसरा. बॅट कोपराखालच्या हाताच्या सरळ रेषेत ठेवा, तिचं टोक बाजूला, छताकडे नको. पकड सैल असेल आणि कोपर वेळेवर मिटलं तर मनगट स्वतःहून थोडं साथ देतं. मुद्दाम फिरवलं तर दर चेंडूला बॅटचा कोन बदलतो: एक नेटमध्ये, पुढचा टेबलाबाहेर. घट्ट मूठ आणि झटके देणारं मनगट यांची जोडी कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं आणते. खांद्याची पुढची बाजू दुखत असेल तर हात कंबरेऐवजी खांद्यातून उचलला जातोय. दोन्ही बाबतींत सराव थांबवा. दुखणं अंगावर काढून तंत्र सुधारत नाही.

चेंडू किती घासायचा? नुसता केस ओढल्यासारखा बारीक घासायची सवय लावू नका. २०१४ पासून स्पर्धांमध्ये सेल्युलॉइडच्या जागी प्लॅस्टिकचे, किंचित मोठे ‘४०+’ चेंडू आले, आणि त्यांच्यावर बारीक घासून मिळणारा स्पिन कमी झाला. चेंडू रबराखालच्या स्पंजमध्ये थोडा रुतला पाहिजे आणि त्याच वेळी वर-पुढे ओढला गेला पाहिजे. लाकडाचा ठणठणीत ‘टक्’ ऐकू आला तर सपाट मारलात. काहीच आवाज न येता चेंडू हळू तरंगत गेला तर फारच बारीक घासलात.

सराव ब्लॉकवर नव्हे, बॅकस्पिनवर (उलटी फिरकी घेऊन येणाऱ्या चेंडूवर) सुरू करा. चेंडू संथ येतो, वेळ मिळतो, आणि सपाट मारलं तर तो सरळ नेटमध्ये जातो, त्यामुळे फसवणूक लगेच उघडी पडते. बॅकस्पिनचा चेंडू रबरावर चावून खाली जायला बघतो, म्हणून इथे गुडघे जास्त वाकवा, बॅट गुडघ्याच्या उंचीपासून निघू द्या आणि ती जवळपास उभी ठेवा. चेंडू शिखरावरून उतरायला लागला की घ्या, दिशा जास्त वर, थोडी पुढे. उंची पायांनी कमवायची असते, खांद्याने नाही. नेट १५.२५ सेंमी उंच आहे; सुरुवातीला चेंडू त्याच्या दुप्पट उंचीवरून गेला तरी चालेल, कारण टॉपस्पिन त्याला पुढे खाली खेचतो.

ब्लॉकवर हेच उलट: बॅट कमरेच्या उंचीवरून, जास्त क्लोज (टेबलाकडे झुकलेली), चेंडू शिखरावर, दिशा जास्त पुढे. कोपराची वेळ तीच.

जोडीदार नसेल तर चेंडू डाव्या हाताने टेबलावर सोडा, एक टप्पा घेऊ द्या आणि घासा. पलीकडच्या बाजूला टप्पा पडल्यावर चेंडू खाली राहून पुढे पळाला तर स्पिन आहे. वर उडून मंदावला तर नाही. यापेक्षा सोपी परीक्षा नाही, आणि कुणाला विचारायची गरजही पडत नाही.

मोबाइलवर बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि चेंडू लागतो तिथे थांबवा. फक्त कोपर बघा. ते ९० अंशांच्या बाहेर उघडं असेल आणि पुढच्या काही फ्रेम्समध्ये मिटत असेल तर वेळ बरोबर. आधीच मिटलेलं असेल तर वेग निम्म्याने कमी करा आणि कंबर आधी निघू द्या. वेग वाढवून हा दोष जात नाही, उलट पक्का होतो.

शेवटची बाब परत येण्याची. फटका संपला की बॅट छातीसमोर हवी. पुढचा ब्लॉक येईपर्यंत ती तिथे पोचत नसेल तर फटका लांब झाला आहे: मागे नेणं कमी करा, कोपराचं मिटणं कमी करू नका.