बालवाडीत शिकवायचंय? आधी एक जून काढून बघा

"ताई, कोणता कोर्स करू?" या क्षेत्रात येऊ बघणाऱ्या मुली पहिला प्रश्न हाच विचारतात. त्याचं उत्तर देऊन टाकते. अंगणवाडी सेविका व्हायचं असेल तर भरती बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयातून होते, त्याच गावची किंवा वस्तीची रहिवासी असावं लागतं आणि आता बारावी पासची अट आहे. खाजगी बालवाडी किंवा केजीसाठी माँटेसरीची किंवा पूर्वप्राथमिकची पदविका चालते. डी.एल.एड. ही शिक्षकांची पदविका मुख्यतः पहिलीपासूनच्या वर्गांसाठी आहे, तीन वर्षांच्या मुलासमोर ती फारशी कामाला येत नाही. पण कुठल्याही कोर्सची फी भरायच्या आधी ओळखीच्या एखाद्या बालवाडीत आठवडाभर कोपऱ्यात नुसतं बसू देतात का, ते विचारा. शक्यतो जूनमध्ये.

कारण जूनमध्ये या कामाचं खरं रूप दिसतं. बाहेर पाऊस, दारात ओल्या रेनकोटांचा ढीग आणि आत आईच्या नावाने टाहो फोडणारी दहा-बारा मुलं. एकाला शांत करावं तर त्याला बघून दुसरं सुरू होतं. अशा वेळी गाणी आणि टाळ्या फारशा उपयोगी पडत नाहीत. रडणाऱ्या मुलाला "रडू नकोस" म्हणू नका. "आई हवीय ना? आपण डबा खाल्ला की आई येणार," असं म्हणा, आणि खरंच डबा खाल्ल्यावर आईला दारात हजर राहायला सांगा. मुलाला घड्याळ कळत नाही, डबा कळतो. पालकांना एकच गोष्ट बजावून ठेवा: मूल खेळात रमलं की गुपचूप सटकायचं नाही, सांगून जायचं. गुपचूप गेलेल्या आईचं मूल दुसऱ्या दिवशी पायरीवरूनच पदर सोडत नाही.

वर्गात तुमच्याइतकंच, खरं तर जास्तच, महत्त्वाचं माणूस म्हणजे मावशी. शू झाली, उलटी झाली, कुणी झोपलं, कुणाची चप्पल हरवली, सगळं तिच्याकडे. नव्या ताईंना वाटतं, आपण शिकवायचं आणि तिने पुसायचं. अशी वाटणी केलीत तर दोघींचंही वर्ष खडतर जाईल. मुलांची चड्डी बदलताना जेवढं बोलणं होतं तेवढं गोलात बसवून होत नाही. ते काम अर्धं तरी स्वतः करा.

शहरातल्या वर्गात मराठी, हिंदी, कन्नड, भोजपुरी घरांतली मुलं एकत्र असतात. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरी शूला, पाण्याला, दुखण्याला आणि भुकेला काय म्हणतात, ते पालकांना विचारून वहीत लिहून घ्या. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तर हे हवंच. "टीचर, मे आय गो टू टॉयलेट" पाठ होईपर्यंत मूल थांबू शकत नाही.

आणि चावणं. तीन वर्षांची मुलं चावतात, त्यात संस्कारांचा प्रश्न नसतो. शब्द अपुरे पडले की दात पुढे येतात. ज्याला चावलं त्याच्या पालकांना दुखापत दाखवा, काय केलं ते सांगा. कोण चावलं ते मात्र सांगू नका. नाहीतर संध्याकाळी सोसायटीत भांडण आणि सकाळी ते तुमच्या दारात.

खरी लढाई लेखनाची. ऑगस्ट उजाडला की कुणीतरी विचारतंच, "शेजारचा एबीसीडी लिहितो, आमचा अजून रेघोट्याच मारतो." त्याचं मनगट आणि बोटं अजून तयार होत आहेत, हे बोलून पटत नाही, दाखवावं लागतं. पालकांना अर्धा तास वर्गात बसवा. मूल वाटाण्याच्या शेंगा सोलताना, मणी ओवताना, माती मळताना, कागद फाडून चिकटवताना त्यांना बघू द्या. पेन्सिल धरायला लागणारी पकड तिथेच तयार होते. तरीही हटून बसले तर 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा पुढे करा. तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तक नको, असं त्यात म्हटलं आहे. सरकारी कागदाचा आपल्याकडे उपयोग होतो.

साहित्यावर मात्र फार खर्च करू नका. गुळगुळीत लाकडी संच छान असतात, पण आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांनी माँटेसरीचं महागडं साहित्य बाजूला ठेवून बिया, खडे, शिंपल्यांवर बालवाडी उभी केली, ती उगाच नाही. 1945 मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, पुढे कोसबाडला काम वाढलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, जुन्या साड्यांच्या पट्ट्या जमवायला लागा. मोजणी, जुळवणी, वर्गीकरण सगळं त्यात होतं.

आता पैशाचं. अंगणवाडीत पगार नाही, मानधन असतं. अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे ठरायलासुद्धा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. खाजगीत आकडा शाळेगणिक बदलतो आणि बहुतेक ठिकाणी तो ऐकून घरचे नाक मुरडतात. मुलाखतीला गेलात की डेमोची तयारी कराच, पण तुम्हीही विचारा: वर्गात मुलं किती, मावशी पूर्णवेळ आहे का, शौचालय वर्गाला लागून आहे का, आणि मे महिन्याचा पगार मिळतो का. शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ शाळा गप्प होतात. जिथे पगार थोडा कमी पण हाताखाली शिकावं अशी जुनी ताई आहे, ती जागा पहिल्या दोन वर्षांसाठी घ्या. चकचकीत फ्रँचायझीत ठरलेल्या वर्कशीट वाटण्यातच वर्ष जातं.

आवाज सांभाळा. ओरडलात तर दिवाळीच्या आत घसा बसतो आणि वर्ग तरी कुठे शांत होतो? हळू बोललं की मुलं जवळ येऊन ऐकतात. पहिल्या वर्षी सर्दी-खोकला सतत राहील, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. जमिनीवर बसून उठायची सवय आत्तापासून करा. आणि मुलग्यांनो, तुम्हाला शाळा बिचकत बिचकत घेतील, पोलिस पडताळणीचा दाखला न मागता घेऊन जा.