लोंबलेल्या सॅडलबॅगला कडक अस्तर: शीट कापण्याआधीची तयारी

मोटरसायकलच्या मागच्या बाजूंना लटकणारी चामड्याची सॅडलबॅग तीन जागी हार खाते. तळ खाली बसतो, बाहेरची बाजू पोट सुटल्यासारखी फुगते आणि झाकणाला खळगा पडून त्यात पाणी साचतं. आपल्या बॅगेचं यातलं काय झालंय ते आधी नीट पाहा. नुसती बाहेरची बाजू फुगली असेल तर वरच्या काठाला एक आडवी पट्टी पुरते, झाकणाला स्वतंत्र तुकडा लागतो, पण तळ बसला असेल तर बॅगेच्या आत बसणारी कडक शीटची पूर्ण पेटीच करावी लागते. सामानाचा भार पेटीने घ्यायचा आणि तो बॅग गाडीला धरणाऱ्या मागच्या बोल्टांवर पोचवायचा, चामड्यावर येऊ द्यायचा नाही. पुढचं प्रत्येक माप याच हिशोबाने ठरतं.

त्याहीआधी गाडीकडे बघा. बॅग झुलून चाकाला, साखळीला किंवा शॉक अब्सॉर्बरला टेकत असेल तर बॅगेला चाकापासून दूर धरणारी आधार-दांडी आधी बसवा. अस्तर त्या दांडीची जागा घेत नाही. सीटवरून टाकायच्या जोडबॅगेला मागे बोल्टच नसतात. तिथे अस्तराने आकार टिकतो, पण वजन मधल्या पट्ट्यावरच राहतं, म्हणून खालचा आधार हवाच.

बॅग पूर्ण रिकामी करून सॅडल सोपने (चामडं साफ करायच्या साबणाने) आतून-बाहेरून पुसा आणि सावलीत वाळवा. शिवणी बोटाने चाचपा. टाके सुटले असतील तर मेणाच्या जाड दोऱ्याने आधी शिवून घ्या, कारण पेटी आत गेल्यावर तिथे सुई पोचणार नाही. वाकडं झालेलं चामडं ओल्या फडक्याने जरासं दमट करा, आत पुठ्ठ्याचा खोका ठासून बसवा आणि दोन दिवस वाळू द्या. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, चामडं आक्रसून कडा भेगाळतात. तेल या टप्प्यावर अजिबात लावायचं नाही. जास्त तेल मुरलं की तंतू सैल पडतात. लोंबण्याचं ते एक मोठं कारण आहे आणि काळजीच्या नावाखाली बहुतेक वेळा तेच घडतं.

माप फुगलेल्या चामड्याचं घेऊ नका. शिवणीपासून शिवणीपर्यंत घ्या, कारण शिवण सगळ्यात कमी ताणली जाते आणि बॅगेचा मूळ आकार तिथेच शिल्लक असतो. शिवणीची जाडी आत आलेली असते, म्हणून दोन्ही कडांना 5-5 मिमी कमी धरा. आतून 40 × 30 × 15 सेंमीची बॅग असेल तर पेटीचं बाहेरचं माप 39 × 29 × 14 सेंमी. वर नमद्याचा किंवा फोमचा थर द्यायचा असेल तर त्याची जाडीही वजा करायची. पुठ्ठ्याचा साचा कापून मास्किंग टेपने जोडा, बॅगेत घाला, झाकण लावून पाहा. बक्कल ओढून लावावं लागत असेल तर उंची 5 मिमीने उतरवा. पट्ट्याला नवं भोक पाडून काम भागवू नका, तो पट्टा रोज ताणलेला राहील.

साचा आत जाताना बॅगेचं तोंड नीट पाहिलं पाहिजे. तोंड पोटापेक्षा अरुंद असेल तर जोडलेली कडक पेटी आत जाणारच नाही, आणि हे शीट कापल्यावर कळलं तर सगळी शीट वाया. अशा बॅगेसाठी पेटी तीन तुकड्यांत करायची: चाकाकडची बाजू, तळ आणि बाहेरची बाजू मिळून एक यू, आणि टोकाचे दोन तुकडे वेगळे. यू जरासा दाबून आत जातो, टोकं नंतर उभी सरकवायची. तोंड सरळ असेल तर सगळं बाहेरच जोडून घ्या, काम बरंच सोपं होतं.

शीटमध्ये आमची पसंती 3 मिमी एबीएस या कडक प्लास्टिकला आहे. ते गरम करून वाकतं, सॉल्व्हंट सिमेंटने चिकटतं आणि साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडत नाही. 2 मिमीवर काम भागेल असं वाटतं, पण शीटची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: 2 वरून 3 मिमीला गेलात की वजन दीडपट होतं आणि ताठरता जवळपास 3.4 पट. एचडीपीई हे दुसरं प्लास्टिक चिवट आहे, पण त्याच जाडीला ते एबीएसच्या निम्मंच ताठ असतं आणि त्याला कुठलाही नेहमीचा गोंद धरत नाही, सगळं रिव्हेटवरच करावं लागतं. शिवाय ते उष्णतेने बरंच वाढतं. 40 सेंमीचा तुकडा 40 अंशांच्या फरकात 2 ते 3 मिमी लांबतो, म्हणून त्यात भोकं लंबगोल ठेवावी लागतात. 4 मिमी प्लायवूड ताठ असतं, पण भोकांच्या आतल्या कडांसकट व्हार्निश दिलं नाही तर पाणी पिऊन फुगतं. पीव्हीसी फोमबोर्ड सायलेन्सरच्या बाजूला वापरू नका, उष्णतेने ते वाकतं. पोकळ पन्हळीचं प्लास्टिक फार हलकं असतं आणि फक्त कपडे नेणाऱ्याला पुरतं. त्याच्या पन्हळी बाहेरच्या बाजूला उभ्या ठेवा आणि तळाला आखूड बाजूच्या दिशेने.

वरच्या मापाच्या दोन बॅगांसाठी 120 × 80 सेंमीची एक एबीएस शीट पुरते: 72 × 39 चे दोन यू, 29 × 14 चे टोकाचे चार तुकडे आणि झाकणासाठी 39 × 14 चे दोन. हे सगळं अडीच किलोंहून थोडं जास्त भरतं, म्हणजे बॅगेमागे सव्वा किलोच्या आसपास. बॅगेवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत वजनाची मर्यादा दिलेली असेल तर हे त्यातून वजा करा. शीटसोबत हे आणून ठेवा: 20 × 20 × 1.5 मिमीचा ॲल्युमिनियम अँगल, 4 मिमीचे मोठ्या डोक्याचे ॲल्युमिनियम रिव्हेट, मागच्या बोल्टांसाठी 25 ते 30 मिमी व्यासाचे स्टेनलेस वॉशर आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे आपोआप सैल न होणारे), 25 मिमी वेल्क्रो, 2 मिमी नमदा, 120 आणि 240 नंबरचा पॉलिश पेपर. साधं लोखंड चामड्याजवळ नको. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळे डाग पाडतं आणि ते निघत नाहीत. पितळेभोवती चामड्यातल्या चरबीमुळे हिरवट मळ चढतो. तो पुसता तरी येतो.

एबीएस कापायला धारदार कटरने पट्टीच्या आधाराने चार-पाच खोल रेघा मारा आणि टेबलाच्या कडेवर मोडा. एचडीपीई असं मोडत नाही. त्याला जिगसॉ लागतो, तोही कमी वेगावर, नाहीतर पातं तापून मागची चीर पुन्हा वितळून जुळते. सगळे कोपरे किमान 25 मिमी त्रिज्येने गोल करा. टोकदार कोपरा दर खड्ड्याला शिवणीवर घासतो आणि आतून टाके कापत जातो. कडा आधी 120 ने आणि मग 240 ने, बोट फिरवलं तर अडकणार नाही इतक्या गुळगुळीत करा.

वाकवण्याचं काम बॅगेबाहेर करायचं. हीट गन बॅगेत घालून शीट बसवू नका, चामडं करपतं. वाकवायच्या रेघेच्या दोन्ही अंगांनी दीड-दीड सेंमी पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा तापवा. शीट स्वतःच्या वजनाने झुकू लागली की दोन फळ्यांमध्ये धरून काटकोनात वाकवा आणि पूर्ण गार होईपर्यंत धरून ठेवा. पृष्ठभागावर बारीक फोड आले तर शीटमध्ये ओल मुरलेली आहे किंवा हीट गन फार जवळ आहे. घाईने वाकवलेल्या रेघेवर पांढरा पट्टा उमटतो. तिथे शीट पुढे तडकते, तो तुकडा वापरू नका. एबीएस तापताना उग्र वाफ येते, जागा मोकळ्या हवेची हवी.

अँगलचे तुकडे यूच्या उभ्या कडांना आतून रिव्हेट करा, डोकं चामड्याकडे. 3 आणि 1.5 मिळून 4.5 मिमी जाडी होते, तिला 8 ते 10 मिमी लांबीचा रिव्हेट लागतो. पाकिटावरची पकड-जाडी (रिव्हेट किती जाडी धरू शकतो ते माप) पाहूनच घ्या. भोक 4.1 मिमी, कडेपासून 10 मिमी आत, दोन रिव्हेटमध्ये 60 ते 70 मिमी अंतर. अँगलचा दुसरा पाय पेटीच्या टोकाला, आतल्या दिशेने यायला हवा. टोकाचा तुकडा त्याच्या आतून टेकतो, म्हणजे सामान त्याला पायावर दाबतं. मध्ये वेल्क्रो लावा. वेल्क्रो टोकाला धरून सोलला की लगेच निघतो, पण सरकवायला गेलं तर घट्ट धरतो, आणि बाहेरची बाजू फुगताना इथे सरकवणाराच जोर येतो. बाहेरच्या बाजूच्या वरच्या काठाखाली 10 मिमीवर आडवा अँगल विसरू नका. हा काठ मोकळा राहिला तर खालची सगळी मेहनत करूनही फुगवटा परत येतो.

मागच्या भिंतीत भोकं पाडायला बॅगेची जुनी भोकंच वापरा. पेटी आत घट्ट बसवून, बाहेरून त्या भोकांतून मार्करने खूण करा. बोल्टाच्या दोन्ही अंगांना मोठे वॉशर द्या, म्हणजे चामडं पेटी आणि वॉशर यांच्यात दाबलं जातं आणि भोकाच्या कडेवर ओढ येत नाही. थ्रेडलॉकर (नट-बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा द्रव) एबीएसजवळ नको, त्याने प्लास्टिकला बारीक चिरा जातात. नायलॉक नट पुरेसा आहे.

तळाच्या दोन खालच्या कोपऱ्यांत 6 मिमीची भोकं ठेवा. पेटी चामड्याला चिकटवू नका. मध्ये हवा खेळली नाही तर अडकलेली ओल आतून बुरशी आणते आणि ती बाहेरून दिसते तेव्हा शिवण कुजलेली असते. सायलेन्सरच्या बाजूची बॅग हाताला कोमटपेक्षा जास्त गरम लागत असेल तर बाहेरून 1 मिमी ॲल्युमिनियमचं कवच लावा आणि ते 10 मिमीच्या स्पेसरवर उभं करा. टेकवून लावलं तर ते उष्णता थेट चामड्याला देतं.

आता हलक्या हाताने थोडं कंडिशनर लावा. मग दोन्ही बॅगा भरा, गाडीवर दोघं बसून सस्पेन्शन दाबून पाहा: चाकापासून किमान 25 मिमी अंतर राहिलं पाहिजे, मागून इंडिकेटर पूर्ण दिसला पाहिजे. जड अवजारं तळाशी, गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवा आणि दोन्ही बाजूंचं वजन जवळपास सारखं ठेवा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा, कारण दाबलेलं चामडं तेवढ्यात थोडं बसतं.